म्बाह कार्तोंचा निरोप समारंभ

जुनं यंत्र बंद करायला एक बोट पुरतं, असं पाक तोहारचं मत होतं. पाक तोहार हा पाक वस्कितोंचा शेजारी. (आमच्याकडे पुरुषाला मानाने पाक म्हणतात, बाईला बू.) धंदा पंखे दुरुस्तीचा, आणि मतं मात्र सगळ्याच विषयांवर. कुंपणावर कोपर टेकवून तो म्हणाला, "बटण दाबायचं, वायर ओढायची, भंगारवाल्याला हाक मारायची. सरकारी माणसं तुम्ही, म्हणून तुम्हाला त्याला दोन महिने लागतात."

पाक वस्कितो पिंजऱ्यातल्या होल्याला दाणे टाकत राहिले. सव्वीस वर्षं जिल्हा नोंदणी कचेरीच्या तळमजल्यावर युनिक्सचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने पंखेवाल्याशी वाद घालायचा नसतो, एवढी समज त्यांना होती. तीन महिन्यांनी निवृत्ती. मग ते, होला आणि अंगणातली वेताची खुर्ची. त्याआधी एकच काम हातावेगळं करायचं होतं.

ते काम म्हणजे म्बाह कार्तो. म्बाह म्हणजे आजोबा. पण हे आजोबा म्हणजे सर्व्हरला जोडलेलं, चोवीस डिस्कांचं, पुरुषभर उंचीचं साठवणीचं कपाट. सतरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा चालू केलं तेव्हा ते म्हाताऱ्यासारखं कण्हलं, म्हणून वस्कितोंनी त्याचं नाव कार्तो ठेवलं. जिल्ह्यातले सगळे जन्म, सगळी लग्नं आणि सगळे मृत्यू त्याच्या पोटात होते. एक्केचाळीस लाख कागद. सव्वीस वर्षांत पाक वस्कितोंच्या हातून एकही फाइल हरवली नव्हती. त्यांना पदक मिळालं नव्हतं, बढती एकदाच मिळाली होती, आणि तीही समोरचा माणूस वारला म्हणून. पण ही एक गोष्ट त्यांची होती. ती शाबूत ठेवून त्यांना घरी जायचं होतं.

नवं कपाट येऊन शेजारी उभं राहिलं होतं. आता जुन्यातलं सगळं नव्यात उतरवायचं, मोजून बघायचं, मग जुन्याला सर्व्हरपासून अलगद सोडवायचं. यासाठी वस्कितोंनी एकतीस कलमांची नियमावली स्वतः लिहिली. पहिलं कलम लाल शाईत: "आतलं सगळं दुसरीकडे उतरल्याशिवाय कुणीही, कुठल्याही कारणाने, कितीही वरच्या हुकमाने, वायर काढू नये." हे लिहिताना त्यांना इतकं बरं वाटलं, की ते त्यांनी बायकोला वाचून दाखवलं. बू वारसी म्हणाल्या, "छान आहे. भात थंड होतोय."

आता सरकारी यादीवरची वस्तू अशी उठून सोडता येत नाही. वर अर्ज करावा लागतो. वस्कितोंनी केला. विषयात लिहिलं, "म्बाह कार्तो: पेलेपासान." इथेच घात झाला. आमच्याकडे सरकारी वस्तू यादीतून सोडायची, तरी तिला पेलेपासान म्हणतात, आणि माणूस नोकरीतून सुटला, त्याला हार घालून निरोप द्यायचा, तरी त्यालाही पेलेपासानच म्हणतात. क्रियापदावरून माणूस की कपाट, हे आमच्या भाषेत कळायला मार्ग नाही. आणि अर्जाचा मजकूर असा होता: "सतरा वर्षे अखंड सेवा. एक दिवसही रजा नाही. अलीकडे अंग तापते, रात्री कण्हणे वाढले आहे. जागी नवीन रुजू. सन्मानाने मोकळे करावे." यातला सन्मान हा शब्द वस्कितोंनी का घातला, देव जाणे. माणूस सव्वीस वर्षं यंत्रांत राहिला, की शब्द असे भलत्या जागी सांडतात.

हा अर्ज गेला सामान्य विभागाच्या बू मुर्दींकडे. बू मुर्दी म्हणजे कचेरीतल्या सगळ्या चहाच्या, हारांच्या आणि सांत्वनांच्या प्रमुख. त्यांनी अर्ज एकदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"सतरा वर्षं!" त्या शेजारच्या टेबलाला म्हणाल्या. "तळमजल्यावर! आणि आपल्याला माणूस ठाऊकसुद्धा नाही!"

त्या तडक आस्थापना विभागात गेल्या. तिथे कार्तो नावाची सेवापुस्तिका नव्हती. हजेरीपटावर नाव नव्हतं. वाढदिवसाच्या यादीतही नव्हतं, जिच्यात पहारेकऱ्याच्या मांजराचंसुद्धा होतं. याचा अर्थ एकच निघत होता. म्बाह कार्तो हंगामी होते. सतरा वर्षं हंगामी, आणि कुणी कायम केलं नाही. आमच्या कचेरीतली निम्मी माणसं हंगामी आहेत आणि उरलेल्या निम्म्यांनी तो काळ भोगलाय. तेव्हा बातमी दुपारच्या जेवणाआधी तिसऱ्या मजल्यावर पोचली. जन्मनोंदणीच्या खिडकीवरच्या दोन मुली रडल्या म्हणतात. कचेरीचे प्रमुख पाक दानुरी रडले नाहीत, घाबरले. हे वर्तमानपत्रात गेलं तर?

"निरोप द्यायचा. असा द्यायचा, की बोलायला कुणाला जागा राहता कामा नये," ते म्हणाले. "तुम्पेंगचा भात मांडा. फलक लावा. उपजिल्हाप्रमुखांना बोलवा."

चौथ्या दिवशी बू मुर्दी वही-पेन घेऊन तळमजल्यावर आल्या. तिथे वस्कितो आणि त्यांची सहकारी निंग्रुम पडद्याकडे बघत बसले होते. पडद्यावर उतरवण्याचं काम चाललं होतं: बावन्न टक्के.

"पाक, म्बाह कार्तोंचा एक फोटो हवाय फलकासाठी," बू मुर्दी हळू आवाजात म्हणाल्या. "शक्यतो हसरा."

"फोटो कशाला? हे काय समोर आहेत." वस्कितोंनी मान न वळवता बोट केलं.

बू मुर्दींनी बोटाच्या दिशेने बघितलं. कपाटावर चिकटपट्टीने कागद लावला होता आणि त्यावर नाव होतं. चोवीस हिरवे दिवे लुकलुकत होते.

"हे?"

"हेच."

"पण मग... कुटुंब?"

"एक नवीन आलंय की. ते बघा, शेजारी."

बू मुर्दी खुर्चीत बसल्या. निंग्रुमने त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "पाक, फलक छापून झालाय. उपजिल्हाप्रमुख येतो म्हणालेत. पन्नास नारळीभाताचे डबे सांगितलेत. आणि मी स्वतः कविता केलीय हो."

प्रकरण पाक दानुरींपुढे गेलं. दुसरा कुणी असता तर हसला असता. दानुरी विचारात पडले. उपजिल्हाप्रमुखांना आता कुठल्या तोंडाने सांगायचं, की ज्यांना निरोप द्यायला बोलावलं ते गृहस्थ अस्तित्वातच नाहीत? आणि का नाहीत, असं विचारलं तर? शेवटी ते म्हणाले, "कार्यक्रम होणार. अर्जात कपाटच होतं आणि आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. यंत्राची कदर करणारी कचेरी आपली! फक्त कार्यक्रमपत्रिकेतली 'कुटुंबीयांचे मनोगत' ही ओळ खोडा."

"पण साहेब, उतरवणं पुढच्या सोमवारी संपेल," वस्कितो म्हणाले.

"कार्यक्रम गुरुवारी, पाहिंगच्या मुहूर्तावर. उपजिल्हाप्रमुखांच्या मामांनी दिवस काढून दिलाय. वायर मी स्वतः काढणार, फीत कापतात तशी."

"साहेब, कलम एक..."

"तुम्ही कलमं लिहिलीत ना? मग ती वेळेत पाळून दाखवा."

वस्कितोंना हे लागलं. सव्वीस वर्षांत ते एकदाही उशिरा आले नव्हते, आणि शिकवतंय कोण, तर ज्यांना अजून संदेशाला चित्र जोडता येत नाही ते! त्यांनी खाली येऊन हिशेब मांडला. रात्रंदिवस चालू ठेवलं, मध्ये काही अडलं नाही, तर बुधवारी दुपारी पार पडेल. मध्ये काही अडलं नाही तर.

अडवायला सगळी कचेरी टपलेली होती. मानसन्मान जाहीर झाल्यावर म्बाह कार्तोंना बघायला रीघ लागली. सोमवारी लग्ननोंदणीवाले आले, मंगळवारी सगळा लेखा विभाग. कुणी जाईची फुलं आणली. एका शिपायाने केळ्याची भजी कपाटाच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "राहू द्या पाक, म्हातारं माणूस आहे." प्रत्येक जण दार उघडं टाकून गप्पा मारत उभा राहायचा. खोली गार राहावी म्हणून सतरा वर्षं ज्या दारावर "बंद ठेवा" लिहिलं होतं, ते दोन दिवस बंद म्हणून झालं नाही. मंगळवारी दुपारी म्बाह कार्तो मोठ्याने कण्हले आणि चोविसांतला एक दिवा लाल झाला.

"डिस्क गेली!" निंग्रुम ओरडली.

"एक गेली," वस्कितो म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "एक गेली तरी बाकीच्या तिचं ओझं उचलतात. दोन गेल्या तर मात्र माझं ओझं तुम्हाला उचलावं लागेल."

फाइल हरवली नाही. पण आता कपाट आतल्या आत स्वतःची डागडुजी करत बसलं आणि उतरवण्याचा वेग गोगलगायीवर आला. वस्कितोंनी दाराला कुलूप घातलं. त्यावर बू मुर्दींचा निरोप आला, की लोकांच्या भावना दुखावल्यात.

घरी गेले तर पाक तोहार कुंपणावर हजर. त्याला सगळं आधीच कळलेलं होतं. "मी सांगतो, हातोडी. नाहीतरी शेवटी डिस्का फोडणारच ना तुम्ही? आणि ते रिकामं कपाट मला द्या. कबुतरं राहतील छान."

"पाक तोहार," वस्कितो पहिल्यांदाच चढ्या आवाजात म्हणाले, "त्यात तुमच्या चारी मुलांचे जन्मदाखले आहेत."

पाक तोहारने कोपर काढून घेतलं. आत बू वारसींनी भात वाढला आणि विचारलं, "किती टक्के?"

"एक्क्याऐंशी."

"जेवा."

गुरुवार उजाडला तेव्हा पडद्यावर शहाण्णव होते. तळमजल्याच्या बोळात खुर्च्या मांडल्या होत्या. फलकावर, जिथे फोटो हवा होता तिथे, बू मुर्दींनी ऐन वेळी गुलाब छापून घेतला होता. मधोमध तुम्पेंग: पिवळ्या भाताचा कंबरभर उंच सुळका, भोवती अंडी, तळलेलं सोयाबीनचं टेम्पे, कोंबडी. काचेच्या दारापलीकडे म्बाह कार्तो खांद्यावर बाटिकचं उपरणं घेऊन उभे. हे उपरणं हवेची जाळी सोडून पांघरायला लावण्यात वस्कितोंची अर्धी सकाळ गेली होती.

आता एक गोष्ट वस्कितो आणि निंग्रुम यांच्याखेरीज कुणाला माहीत नव्हती. कपाट आणि सर्व्हर यांच्यात वायरी दोन होत्या. एक तुटली तरी दुसरीवरून काम चालावं म्हणून. वस्कितोंनी जाईचा गजरा एकाच वायरीला बांधला.

दहा वाजता पाक दानुरींनी भाषण केलं, आत जाऊन गजऱ्याची वायर धरली, डोळे मिटले आणि ओढली. टाळ्या झाल्या. दिवे लुकलुकत राहिले. पडद्यावर सत्त्याण्णव झाले.

"अरे, ही एक राहिली की!" उपजिल्हाप्रमुख काचेच्या दारातून डोकं आत घालून म्हणाले. गृहस्थ इंजिनिअर निघाले. "ही मी काढतो. मला पण पुण्य मिळू दे."

बोळात हशा पिकला. एक्केचाळीस लाखांतले सव्वा लाख कागद अजून त्या एका वायरीच्या अलीकडे होते. कुणाचा तरी जन्म, कुणाचं तरी लग्न. आणि उपजिल्हाप्रमुखांना नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. नाही हा शब्दच आम्ही फार तर "अजून नाही" असा उच्चारतो.

सव्वीस वर्षांत सभेत तोंड न उघडलेले वस्कितो उभे राहिले. "अजून नाही, साहेब. आधी... आधी पाक हार्जितो दोन शब्द बोलतील."

सगळी कचेरी वस्कितोंकडे बघत राहिली. पाक हार्जितो म्हणजे माजी प्रमुख. वय ब्याऐंशी. त्यांच्या हातात माइक देऊ नये, असा अलिखित ठराव कचेरीत बारा वर्षं पाळला जात होता. त्यांच्या शेवटच्या भाषणात एक पाहुणा झोपेत खुर्चीवरून पडला होता. पाक हार्जितोंना स्वतःलाही धक्का बसला. मग ते गहिवरून उठले, माइक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "म्बाह कार्तोंबद्दल बोलायचं, तर आधी या जमिनीवर पूर्वी काय होतं, ते सांगावं लागेल."

आधी उसाचं शेत होतं. त्याआधी बांबूचं बन होतं. बांबूच्या जातींना पंधरा मिनिटं लागली. वस्कितो आयुष्यात प्रथमच त्यांचा शब्द न् शब्द कानात साठवत होते. अठ्ठ्याण्णव. उपजिल्हाप्रमुखांनी घड्याळ बघितलं. हार्जितो टंकलेखन यंत्रांवर आले. नव्व्याण्णव. मग शाईवर आले. शंभर.

निंग्रुमने दोन्हीकडची मोजणी लावली. एक्केचाळीस लाख अठरा हजार दोनशे सहा. तिकडे एक्केचाळीस लाख अठरा हजार दोनशे सहा. आता फक्त सर्व्हरला सांगायचं, की हे कपाट सोड. वस्कितोंनी आज्ञा दिली. सर्व्हर म्हणाला, सोडता येत नाही, आत कुणीतरी बसलंय. म्हणजे कपाटातली एखादी जागा कुणीतरी उघडी ठेवली होती.

"कोण बसलंय आत?" वस्कितो दबक्या आवाजात कडाडले. "जन्मनोंदणीवाल्यांना सांगितलं होतं ना, आज कुणी हात लावायचा नाही म्हणून! बू मुर्दी असतील. कविता तिथेच ठेवली असेल त्यांनी!"

निंग्रुमने शोधलं. तिने पडद्याकडे बघितलं, मग वस्कितोंकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"पाक, तुम्हीच बसलाय."

पहाटे पाचला म्बाह कार्तोंची शेवटची विचारपूस म्हणून वस्कितोंनी पडद्यावर एक खिडकी उघडली होती, त्यांच्या आत उतरले होते आणि बाहेर यायचं विसरले होते. सगळी कचेरी बाहेर, आणि म्हाताऱ्याला धरून बसलेले आत एकटे तेच. पोरसवदा उमेदवाराने केली असती, तर या चुकीसाठी त्यांनी त्याला अर्धा तास उभं केलं असतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी खिडकी मिटली. सर्व्हरने मुकाट्याने कपाट सोडलं.

"...आणि ती शाई, मित्रहो, अजून माझ्याकडे आहे," हार्जितो म्हणाले. टाळ्या सर्वांत जोरात वस्कितोंनी वाजवल्या.

उपजिल्हाप्रमुखांनी दुसरी वायर ओढली. काहीच झालं नाही. आमच्या धंद्यात काहीच न होणं हे सगळ्यात मोठं यश असतं आणि त्यासाठी टाळ्या वाजवायची पद्धत नाही. मग तुम्पेंगचा शेंडा कापला. शेंडा उत्सवमूर्तीला द्यायचा असतो. उत्सवमूर्तीला तोंड नव्हतं, म्हणून तो वस्कितोंना दिला, जवळचे नातेवाईक म्हणून. त्यांनी खाल्ला. चांगला होता.

जाता जाता उपजिल्हाप्रमुखांनी भिंतीवरची एकतीस कलमं वाचली आणि त्यांना ती भलतीच आवडली. "हे असं लिहून काढणारा माणूस पाहिजे! पाक दानुरी, इथून पुढे कुठलंही पेलेपासान असो, माणसाचं की वस्तूचं, याच नियमांनी करा. एक शब्द, एक अर्ज. घोळच नको."

परिपत्रक निघालं. वस्कितोंनी ते कापून वहीत चिकटवलं. बायकोला दाखवलं. एवढा मान त्यांना कधी मिळाला नव्हता.

यथावकाश त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी बू मुर्दी अर्ज घेऊन तळमजल्यावर आल्या. हार नव्हता. "तुम्पेंग त्याच वेळी झाला ना पाक, शेंडा तुम्हीच घेतलात," त्या ओशाळून म्हणाल्या आणि लिहू लागल्या. "नाव, वस्कितो. सेवा, सव्वीस वर्षे. स्थिती: चांगली, किरकोळ बिघाड की मोठा बिघाड?"

"किरकोळ लिहा. गुडघा."

"आवाज होतो?"

"ते बायकोला विचारावं लागेल."

"शेवटचं. कलम एक." त्यांनी चष्मा सारखा केला. "आतलं सगळं दुसरीकडे उतरवलं आहे का?"

वस्कितो हो म्हणायला तोंड उघडून थांबले. पावसात कुठली वायर ओली होते, वीज गेल्यावर काय आधी चालू करायचं, आडनाव नसलेल्या माणसांच्या नोंदी कशा शोधायच्या. सव्वीस वर्षांचं सगळं डोक्यात होतं आणि डोकं आज साडेचारला घरी जाणार होतं. कपाटाच्या पोटातलं उतरवून घ्यायला सगळी कचेरी गोळा झाली होती. त्यांच्या पोटातलं कुणी मागितलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. नुसतं हो लिहिलं असतं, तर समोर वेताची खुर्ची होती. पण खोट्या कागदावर त्यांनी कधी सही केली नव्हती.

"नाही," ते म्हणाले.

बू मुर्दींनी पेन खाली ठेवलं. पाक दानुरींना बोलावणं गेलं. त्यांनी नियमावली दोनदा वाचली आणि हात वर केले. "कुणीही, कुठल्याही कारणाने, कितीही वरच्या हुकमाने. तुमचंच अक्षर आहे, पाक. मी काय करू?"

निंग्रुमने नवी वही काढली, खुर्ची ओढली आणि समोर बसली. त्या दुपारी तिने सहा पानं लिहून घेतली. मधल्या सुट्टीत शिपायाने केळ्याची भजी आणून ठेवली, या वेळी बशीत.

वस्कितो घरी पोचले तेव्हा होला पिंजऱ्यात घुमत होता. बू वारसींनी नवा सदरा इस्त्री करून ठेवला होता, उद्यापासून घरी घालायचा म्हणून. वस्कितोंनी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सदऱ्याची घडी घातली, तो कपाटात परत ठेवला आणि भात वाढला.

"किती टक्के?" त्यांनी विचारलं.

"चार," वस्कितो म्हणाले.